आपा, मी गाळलेलं वाक्य

आपा,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाला असं लिहीत नाहीत, मला कळतं. विभागातल्या शोकसभेत मीही रीतीला धरूनच बोलले. रझियाआपा, निर्जंतुकीकरण कक्षाच्या तंत्रज्ञ, कामावर निष्ठा, मनमिळाऊ स्वभाव. 'मनमिळाऊ' म्हणताना माझं मलाच हसू आलं. तुमच्या दारावरून जाताना अर्धे संशोधक चपलांचा आवाज होऊ देत नव्हते. पण माईकसमोर उभं राहिलं की माणूस असले शब्द बोलतो. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "उज्जू, मस्का नक्को लगा. मुद्दे की बात बोल."

मुद्द्याचंच बोलते. पण मला ते सरळ एका दमात जमणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

पहिल्यांदा तुम्ही मला हाताला धरून लॅबच्या बाहेर काढलं होतं, ते पेरूपायी. आईनं दौलताबादच्या किल्ल्याखालच्या आमच्या पाटीतले निवडक पेरू दिले होते, विभागातल्या सगळ्यांना वाट म्हणून. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. एम.एस्सी. झाले, पीएचडीला लागले, तेव्हा आईनं पाटीवर येणाऱ्या पर्यटकांनासुद्धा सांगितलं होतं. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे, मी तो झाकून ठेवत नाही. तर मी ती पिशवी घेऊन ऐटीत लॅबमध्ये आले आणि टेबलावर पेरू मांडायला लागले. शेजारी माझ्याच प्लेटा होत्या, शहरातल्या नाल्याच्या पाण्यातून वाढवलेले जंतू, ज्यांना औषधं लागू पडत नाहीत असले.

"ए बाई, इथं खायचं आणलंस?"

मी वळून पाहिलं तर पांढऱ्या कोटावर हिरवी ओढणी, हातात जाड हातमोजे. मला वाटलं, ही कोण मला बोलणारी? मी म्हणाले, "मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे."

"मग तर तुला जास्त कळायला पायजे. उचल."

तुम्ही मला मनगटाला धरून बाहेर नेलं, लिंबाच्या झाडाखाली उभं केलं, नळावर दोनदा हात धुवायला लावले. आणि मग स्वतः चार पेरू खाल्ले. चौथा खाताना म्हणालात, "आईला सांग, पेरू एक नंबर. पोरगी कच्ची आहे, पण पिकंल."

मी चार दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. दहावीनंतर तंत्रज्ञाचा कोर्स केलेली बाई मला शिकवणार? असंच वाटलं होतं मला. लिहिते आहे तसंच. सिल्लोडकडच्या गावात तुम्ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलात, वडिलांनी तुमच्यासाठी किती बोलणी खाल्ली, हे मला नंतर कळलं. तुमच्या घराण्यातही नोकरीला बाहेर पडलेल्या तुम्ही पहिल्याच. आपण दोघी एकाच मातीच्या होतो आणि मी मात्र तुमच्याकडं वरून बघत होते.

तुमची ती खोली मला फार आठवते. मजल्याच्या टोकाला, उन्हाळ्यात भट्टीसारखी. मध्ये तो ऑटोक्लेव्ह, म्हणजे माणसाच्या छातीएवढा प्रेशर कुकरच, ज्यात आमच्या वापरलेल्या प्लेटा, नळ्या, पिशव्या वाफेनं शिजवून आतले जंतू मारायचे. आम्ही जंतू वाढवणारे, तुम्ही मारणाऱ्या. आमची नावं शोधनिबंधांवर यायची. तुमचं नाव फक्त तुमच्या वहीत.

पिशवीवर चिकटवायच्या टेपला उष्णता लागली की काळ्या रेघा उमटतात. नवीन पोरंपोरी ती टेप बघून म्हणायची, झालं, मेले जंतू. तुम्ही डोळे मोठे करायच्या. "टेपला गरम लागलं एवढंच ती सांगते. किती वेळ लागलं ते सांगत नाय. त्याला घड्याळ लागतं, आणि घड्याळाशेजारी बसलेला माणूस." म्हणून तुम्ही पूर्ण वेळ स्टूल टाकून बसायच्या. आठवड्यातून एकदा चिवट बीजाणूंची छोटी कुपी पिशव्यांच्या मधोमध ठेवायच्या आणि नंतर ती उबेत ठेवून बघायच्या, काही जगलं का. तेव्हा विभागात हे करा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. जैवसुरक्षा समिती होती, पण कागदावर. शिपाई इतिवृत्त घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा, सदस्य चहा पिता पिता सही करायचे. तुम्ही तिला दस्तखत कमिटी म्हणायच्या.

आणि ती हिरवी पट्टी.

कमलबाई आमच्या मजल्याच्या सफाईला होत्या. तुमच्या खोलीतून निघालेल्या पिशव्या त्या उचलायच्या आणि मागच्या शेडमध्ये नेऊन पिंपात दाबून भरायच्या. पिशवीवर धोक्याचं ते तीन वळणांचं चिन्ह असायचं, खाली इंग्रजीत दोन ओळी. एकदा तुम्ही त्यांना विचारलं, "कमल, हे चित्र कशाचं आहे, माहीत आहे का?"

"फ्यानच्या कंपनीचं असंल ना?" कमलबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी हिरवी ओढणी आणली, तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. जी पिशवी पूर्ण वेळ शिजली, तिच्या तोंडाला हिरवी पट्टी, तुमच्या हातची गाठ. कमलबाईंना सांगितलं, "हिरवं दिसलं तर उचल. नाय दिसलं तर कुलगुरूंनी सांगितलं तरी हात लावू नको."

"आन् तुम्ही सांगितलं तर?"

"तरी नाय. पट्टी सांगंल तेच."

कमलबाईंनी ते मंत्रासारखं पाळलं. एकदा विभागप्रमुख सर कुणी पाहुणे येणार म्हणून ओरडत होते की बोळातल्या पिशव्या हलवा, तर ही बाई कमरेवर हात ठेवून उभी. "पट्टी नाय, सर." सरांना कळेचना कसली पट्टी.

आता माझ्या मुद्द्यावर येते.

अकरा वर्षं झाली त्याला. त्या दिवशी तुम्ही दुपारी तुमच्या लेकीच्या, नाझनीनच्या, बारावीच्या फॉर्मसाठी तासाभराची परवानगी काढून गेला होता. जाताना मला म्हणालात, "आत पिशव्या लावल्यात. मी येईपर्यंत झाकण उघडायचं नाय." मी हो म्हणाले. मग वीज गेली. जनरेटर तेव्हा फक्त प्रशासकीय इमारतीला होता. वाफेचा काटा खाली आला. वीज परत आली तेव्हा मी घड्याळ बघितलं. मला त्याच दुपारी जंतू वाढवायची माझी माध्यमं शिजवून घ्यायची होती, दुसऱ्या दिवशी गाईड सर महिनाभरासाठी बाहेर चालले होते आणि त्यांना निकाल दाखवायचे होते. मी झाकण उघडलं. टेपवर काळ्या रेघा होत्या. मला माहीत होतं टेप काय सांगते आणि काय सांगत नाही. तुमच्याकडूनच शिकले होते. तरी मी पिशव्या बाहेर काढल्या.

त्या तशाच ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. कमलबाईंनी हात लावला नसता. पण बोळात पिशव्या पडलेल्या दिसल्या तर तुम्ही विचाराल, म्हणून मी तुमच्या खणातून हिरव्या पट्ट्या काढल्या आणि बांधल्या. तुमच्यासारखी गाठ मारायचा प्रयत्नसुद्धा केला.

त्यातल्या एका पिशवीत फुटकी पिपेट, म्हणजे काचेची बारीक नळी होती. तीही मीच टाकलेली, फुटक्या काचेसाठी ठेवलेल्या डब्यापर्यंत जायचा कंटाळा करून.

कमलबाईंनी हिरवं बघितलं आणि उचललं. पिंपात दाबताना काच हातमोज्यातून उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसली. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात पडून राहिल्या, दोनदा बोट कापून साफ करावं लागलं, दिलेली औषधं लवकर लागू पडेनात. वाचल्या. बोट मात्र वाकायचं थांबलं ते कायमचं. त्या जखमेतले जंतू माझ्याच प्लेटवरचे होते का, हे कुणी तपासलं नाही. विभागात ते तपासू शकणारी एकच मुलगी होती आणि ती गप्प बसली.

तुमच्याशी मात्र मी खोटं बोलले नाही. तुम्ही माझ्यासमोर ती पट्टी धरलीत आणि म्हणालात, "ही गाठ माझी नाय." मी रडायला लागले.

"लिहू नका आपा. माझी पीएचडी जाईल."

"लिहिणार."

"मला ओरडा. मारा पाहिजे तर."

"तुला मारलं तर तू शिकशील. तुझ्यानंतर येणारी कशी शिकंल? तिला कोण सांगंल इथं काय झालं व्हतं? कागद राहतो, बाई. आपण राहत नाय."

तुम्ही लिहिलंत. दोन पानं, मराठीत, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. विभागप्रमुख सर म्हणाले, समितीवर बाहेरचे तज्ज्ञ आहेत, अहवाल इंग्रजीतच लागेल. त्यांना वाटलं असणार, इथंच हे मिटेल. तुम्ही तीच पानं घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आलात.

"हे इंग्रजीत कर."

"मी? आपा, हा माझ्याविरुद्धचा कागद आहे."

"विरुद्ध कायकू? तुझ्याबद्दल आहे. आणि आपल्या मजल्यावर तुझ्याएवढं चांगलं इंग्रजी कुणाचं नाय."

लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मी भाषांतर केलं. सगळं केलं, फक्त दोन वाक्यं सोडून. तुम्ही लिहिलं होतं: 'पिशव्यांना हिरवी पट्टी विद्यार्थिनी उज्ज्वला हिने बांधली. तिला या पट्टीचे महत्त्व समजावण्यात मी कमी पडले.' पहिलं वाक्य मी गाळलं. ते गाळल्यावर दुसऱ्याला अर्थच उरेना, म्हणून तेही गाळलं. त्या जागी टाकलं की वीज गेल्यामुळं प्रक्रिया अपुरी राहिली आणि पिशव्या नजरचुकीनं बाहेर ठेवल्या गेल्या. कुणाच्या नजरचुकीनं, ते लिहिलं नाही. मला वाटलं, मी फक्त माझं नाव काढते आहे. विभागात पट्ट्या एकच बाई बांधते हे सगळ्यांना माहीत होतं. माझं नाव काढलं की तिथं तुमचं नाव आपोआप बसणार, हे कळायला पीएचडी लागत नाही.

तुम्ही माझा कागद घरी नेलात. "उद्या सही करते," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सही केलीत, हळू, एकेक अक्षर दाबून. माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "काही सांगायचंय का?"

मी म्हणाले, "नाही आपा. थँक यू."

त्या अहवालानं समिती पहिल्यांदा खरोखर एका टेबलाभोवती बसली. आपल्या मजल्याला जनरेटरची जोडणी मिळाली. तुमची ती कुपीची चाचणी सगळ्या विभागांना लागू झाली. काच सगळीकडं वेगळ्याच डब्यात, लस घेतल्याशिवाय सफाईला कुणी नाही, दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष तपासणी. हे सगळं तुमच्या कागदामुळं. आणि खाली शेवटच्या ओळीत, 'संबंधित तंत्रज्ञांनी कक्ष सोडून जाताना पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद देण्यात यावी.' तुमच्या सेवापुस्तकातली ती एकच ताकीद.

मला पीएचडी मिळाली. मी इथंच लागले, सहायक प्राध्यापक. आणि तीन वर्षांपूर्वी त्याच समितीची सदस्य सचिव झाले. आता कुठल्या लॅबमध्ये कोणते जंतू येतात, कुठं ठेवतात, कसे मारतात, हे मी तपासते. खोल्याखोल्यांतून फिरते. माझ्या पोरी मला मागं 'छोटी आपा' म्हणतात, मला माहीत आहे.

मी सचिव झाले त्या दिवशी पेढे घेऊन तुमच्याकडं आले होते. तुम्ही पेढा घेतला, खाल्ला नाही, हातात धरून बसलात. म्हणालात, "म्हणजे आता तू दुसऱ्यांचे कागद तपासणार."

"हो आपा."

"काही सांगायचंय का?"

मी हसून म्हणाले, "आशीर्वाद द्या." तुम्ही दिलात. पेढा तुमच्या हातातच होता.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. पुष्पगुच्छ देताना तुम्ही माझ्या कानाशी तेच पुटपुटलात. मागच्या ईदला घरी आले, शीरखुर्मा वाढताना परत तेच. मला वाटायचं, ही तुमची बोलायची सवय आहे, जसं कुणी 'आणखी काय' विचारतं तसं. गेल्या महिन्यात फोनवर तुमचा आवाज बारीक झाला होता. तेव्हाही विचारलंत. मी म्हणाले, "येते रविवारी, निवांत बोलू." तो रविवार यायच्या आधी तुम्ही गेलात.

चौथ्या दिवशी मी रोशन गेटला तुमच्या घरी गेले. नाझनीन कपाट आवरत होती. तिनं एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत ती दोन पानं, मराठीतली. त्यात माझं नाव असलेलं ते वाक्य तसंच.

"मॅडम, हे तुम्हालाच द्यायचं होतं अम्मीला," ती म्हणाली. "तुमचा इंग्रजी कागद मीच वाचून दाखवला होता तिला. बारावीत होते मी. एक लाइन नहीं है इसमें, म्हणाली. परत वाच म्हणाली. मी तीनदा वाचलं."

मी तुमच्या पलंगावर बसले.

"मग सही का केली?"

नाझनीननं खांदे उडवले. तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. "बोली, लडकी का पीएचडी हो जाने दे, फिर खुद बोलेगी. वाट बघत होती ती, मॅडम. तुम्ही आलात की मी तिचं तोंड बघायचे. तुम्ही गेलात की म्हणायची, चल, पुढच्या वेळी."

म्हणून मी चिडलेली आहे, आपा.

तुम्ही वीस मिनिटांचं काम एकोणीस मिनिटांत झालं तर वहीत एकोणीसच लिहायच्या. बत्तीस वर्षांच्या तुमच्या वह्या मी चाळल्या, एक आकडा खाडाखोड केलेला नाही. आणि त्या कागदावर, जो खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही सही केलीत? मला कान धरून उभं करायचं होतंत. कागद माझ्या तोंडावर फेकायचा होतात. तुम्ही मला वाचवलंत, बरं केलंत असं मी म्हणू का? मी नाही म्हणणार. एका मुलीवर तुम्ही जीव लावलात आणि त्यापायी आयुष्यात एकदाच कच्ची पिशवी बाहेर जाऊ दिलीत. मला हे तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही स्टुलावर बसलेल्या, काट्याकडं नजर लावलेली, आणि मी दारात उभी राहून तावातावानं बोलते आहे, असं. तुम्ही मध्येच म्हणाल, "थांब, अजून चार मिनिटं," आणि मी थांबेन. मला ती चार मिनिटं पाहिजेत. दुसरं काही नको.

आणि मी का बोलले नाही? भीती म्हणाल तर पीएचडी झाल्यावर संपली होती. माझ्यात ताठा होता. आईनं पाटीवरच्या गिऱ्हाइकांना सांगितलेली पोरगी मी. माझ्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला, लहान मुलींना माझं नाव घेऊन अभ्यासाला बसवतात. मी चुकले म्हटलं तर ते सगळं खोटं पडेल असं मला वाटायचं. दुसऱ्यांना चूक लिहायला लावायची माझी नोकरीच आहे, आणि माझी चूक मी कुठंच लिहिली नव्हती.

आता लिहिली आहे. समितीची बैठक येत्या सोमवारी आहे. विषयपत्रिकेत मी माझ्या नावानं विषय टाकला आहे: जुन्या अहवालातली दुरुस्ती, मूळ मराठी अहवाल दप्तरी घेणे, आणि तंत्रज्ञांवरची ताकीद मागे घेणे. विभागप्रमुख सरांचा लगेच फोन आला. ते आता निवृत्तीला आले आहेत.

"मॅडम, कशाला उकरता? बाई गेल्या बिचाऱ्या."

"म्हणूनच, सर."

"तुमच्यावर येईल हे."

"माझ्यावरच यायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "सचिवपद जाईल." ते जाऊ शकतं. त्यापुढंही काही होऊ शकतं. मी अध्यक्षांना कळवलं आहे की त्या विषयाच्या वेळी मी सचिवाच्या खुर्चीत बसणार नाही.

पण समितीच्या आधी कमलबाईंना सांगायला पाहिजे होतं. अकरा वर्षांत मी त्यांना दिवाळीला साडी दिली, दवाखान्याच्या रांगेत नंबर लावून दिला, आणि खरं सोडून सगळं दिलं. काल सकाळी त्यांच्या वस्तीत गेले. काम सोडून त्यांना आता चार वर्षं झाली. दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. चार बोटं शेंगेवर आणि मधलं सरळ ताठ, बाजूला.

"या म्याडम. लई दिसांनी."

मी खाली बसले आणि सांगितलं. पट्टी मी बांधली होती. आपांनी नाही. काचही माझीच.

कमलबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.

"तुम्ही बांधली?"

"हो."

"आन् तिनं मला काय बी सांगितलं नाय." मग म्हणाल्या, "मी समजत व्हते, तिनंच घाईत गाठ मारली. तिच्या पट्टीवर इस्वास ठेवला अन् तिनंच घात केला, असं वाटायचं मला. दवाखान्यात डबा आणायची रोज, मी तोंड फिरवून झोपायचे. परत कामावर आले तरी बोलले नाय तिच्याशी. समोरून आली का मी जिन्यानं जायचे. ती काय बी म्हणायची नाय. पट्टी बांधून ठिवायची अन् सरकून उभी राहायची."

मला हे माहीत नव्हतं, आपा. एका मजल्यावर इतकी वर्षं वावरले आणि तुमच्यातलं बोलणं तुटलंय हे मला दिसलं नाही. तुम्ही माझी वाट बघत होतात, आणि ती बघताना रोज त्या बाईच्या डोळ्यांत गुन्हेगार होतात.

कमलबाईंनी पदरातल्या टरफलांचा ढीग झटकला.

"तिचं तोंड बघायला बी गेले नाय मी," त्या म्हणाल्या. "निरोप आला व्हता. नाय गेले." आणि मग माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदा. "तुम्हाला काय बोलायचं ते मी मागून बोलन, म्याडम. लई बोलन. आधी मला तिच्या घरी न्या."

आम्ही रिक्षानं गेलो. नाझनीननं दार उघडलं तेव्हा कमलबाईंनी चपला काढल्या, पदर नीट केला आणि उंबऱ्याच्या अलीकडंच थांबल्या. आत तुमचा पलंग दिसत होता, त्यावर घडी घातलेली चादर.

"माझी चूक झाली, रझियाबाई," त्या पलंगाकडं बघून म्हणाल्या.

हे म्हणायला त्यांना रिक्षातून उतरून दारापर्यंत यायला लागला तेवढाच वेळ लागला. आणि चूक त्यांची नव्हतीच. मी त्यांच्या मागं उभी होते. मीही तेच म्हणाले, आपा, मोठ्यानं, नाझनीनला ऐकू जाईल असं. तिनं आम्हा दोघींना आत घेतलं, पाणी दिलं, आणि बसायला तुमचा पलंग दाखवला. आम्ही दोघी खाली फरशीवरच बसलो.